‘सर्व्हर डाऊन आहे’: वेबसाइटच्या नाडीवर बोट ठेवण्याचा इतिहास

(हा आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर आहे. जे बोललो तेच ठेवलंय, मधलं अडखळणं तेवढं काढलंय. बसमध्ये नेटवर्क जात असेल तर वाचा, नाहीतर हेडफोन लावून ऐका.)



आजची गोष्ट एका वाक्याची आहे. हे वाक्य तुम्ही बँकेत ऐकलंय, रेशनच्या दुकानात ऐकलंय, सेतू केंद्रात तर दर आठवड्याला ऐकलंय. समोरचा माणूस मान वर न करता म्हणतो, “सर्व्हर डाऊन आहे.” झालं, विषय संपला. यावर आपण काय बोलणार? पाऊस पडतोय म्हटल्यावर ढगाशी भांडतं का कोणी?

मी हे वाक्य पहिल्यांदा नीट ऐकलं ते आमच्या तालुक्याच्या गावी, एका सायबर कॅफेत. मी तेव्हा नववीत होतो. ताईचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता आणि शेवटची तारीख होती. आम्ही दुपारी चारला गेलो. आमच्या पुढे पंधरा-वीस पोरं. नंबर लागला तेव्हा साडेसात झाले होते. ताईने नाव, गाव, उत्पन्नाचा दाखला, सगळं भरलं. ‘सबमिट’ दाबलं. तो गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. कॅफेवाला दादा म्हणाला, “रिफ्रेश मार.” रिफ्रेश मारलं तर सगळा फॉर्म कोरा. पुन्हा भरला, पुन्हा गोल. असं चार वेळा. शेवटची एसटी साडेनऊची होती. दादा म्हणाला, “ताई, सर्व्हर डाऊन आहे, काही होणार नाही आज.” आम्ही निघालो.

पुढे काय झालं ते भागाच्या शेवटी सांगतो. पण त्या रात्री एसटीत मला एक प्रश्न पडला होता. आपण तिकडे तासभर गोल बघत बसलो, हे पलीकडच्या कुणाला दिसत होतं का? वेबसाइट ज्यांची आहे त्यांना माहीत तरी होतं का?

या प्रश्नाला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. चला, सुरुवातीपासून बघू.

कोपनहेगनचा हिशोबी माणूस

वेबसाइट नव्हत्या, संगणक नव्हते, तेव्हाही ‘लाइन बिझी’ होतीच. टेलिफोनची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोन लावायचा म्हणजे एक्स्चेंजमधली बाई हाताने वायर जोडून द्यायची. आता कंपनीपुढे प्रश्न असा, की वायरी किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर लोक ताटकळणार, शिव्या देणार. जास्त ठेवल्या तर पैसा फुकट.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन टेलिफोन कंपनीत आग्नेर क्रारुप अर्लांग नावाचा गणिती १९०८ साली कामाला लागला. त्याने ‘अंदाजे शंभर ठेवा’ असं नाही सांगितलं. त्याने कॉल मोजले. १९०९ मध्ये त्याने निबंध लिहून दाखवलं, की लोक आपापल्या मर्जीने फोन करत असले तरी सगळ्यांचे फोन मिळून गणिताचा एक नियम पाळतात. १९१७ मध्ये त्याने सूत्रं दिली. इतके कॉल येत असतील आणि इतक्या लाइनी असतील, तर किती लोकांना ‘बिझी’ ऐकू येईल आणि किती वेळ थांबावं लागेल. आजही टेलिफोनच्या वाहतुकीचं एकक त्याच्याच नावाने ओळखलं जातं, अर्लांग.

या गणितातून एक गोष्ट निघते, ती कळली की अर्धा विषय कळला. समजा रेशनच्या दुकानाला एकच खिडकी आहे. एका माणसाला सरासरी एक मिनिट लागतं, कुणाला कमी, कुणाला जास्त. लोक वाटेल तेव्हा येतात. खिडकी निम्मा वेळ मोकळी असेल, तर आल्यापासून जाईपर्यंत तुम्हाला सरासरी २ मिनिटं लागतील. खिडकी ९० टक्के वेळ कामात असेल तर? १० मिनिटं. ९५ टक्के असेल तर? २० मिनिटं! म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना गर्दी वाढली जराशीच, पण ताटकळणं दुप्पट झालं. आणि १०० टक्क्यांच्या जवळ रांग नुसती वाढतच जाते.

म्हणून ‘काल तर चालत होती, आज अचानक कशी पडली?’ हा प्रश्न चुकीचा आहे. वेबसाइट अचानक पडत नसते. ती आधीच काठावर उभी असते. कुणी मोजलेलं नसतं, एवढंच.

ज्ञानकोशाच्या दारात चेंगराचेंगरी

आता थेट १९९९ मध्ये येऊ. अमेरिकेत जो तो वेबसाइट काढत होता. त्या ऑक्टोबरमध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने जाहीर केलं, की आमचा सगळा ज्ञानकोश इंटरनेटवर फुकट. जे जाडजूड खंड घ्यायला मध्यमवर्गीय घरांना हप्ते भरावे लागायचे, ते फुकट! लोक तुटून पडले. वेबसाइट पहिल्याच दिवशी कोलमडली आणि कित्येक दिवस नीट उघडलीच नाही.

हे लोक काही अडाणी नव्हते. अडचण अशी होती, की तेव्हा सर्व्हर म्हणजे खरोखरचं लोखंड. ऑर्डर द्यायची, ट्रकमधून यायचं, खोलीत बसवायचं, एसी लावायचा. महिने जायचे. त्यामुळे लाखो लोक येतील असं वाटलं तरी तयारी कशाच्या जोरावर करणार? आणि आले नाहीत तर ते लोखंड गंजत पडणार.

याच काळात दोन प्रकारची हत्यारं जन्माला आली. आजही ती दोन वेगळी कामं आहेत, गल्लत करू नका.

पहिलं काम, चाचणी. लोक यायच्या आधी खोटी गर्दी तयार करून वेबसाइटवर सोडायची आणि ती कुठे मोडते ते बघायचं. याला लोड टेस्टिंग म्हणतात. स्तेफानो माझ्झोक्की या इटालियन प्रोग्रॅमरने लिहिलेलं जेमीटर हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये आलं. ते फुकट होतं, आजही आहे. तुमच्या लॅपटॉपवर बसून ते शेकडो बनावट माणसं तयार करतं, जी लॉगिन करतात, फॉर्म भरतात, बटणं दाबतात.

दुसरं काम, देखरेख, म्हणजे मॉनिटरिंग. खरी माणसं आल्यावर यंत्र कसं आहे ते सतत बघत राहायचं. ईथन गॅलस्टाड याने १९९९ मध्ये नेटसेंट नावाचं सॉफ्टवेअर सोडलं, पुढे त्याचं नाव नागिऑस झालं. ते दर काही मिनिटांनी प्रत्येक सर्व्हरला विचारायचं, “जिवंत आहेस का?” उत्तर नाही आलं की इंजिनिअरला रात्री दोनला उठवायचं.

गावच्या भाषेत सांगायचं तर, चाचणी म्हणजे जत्रेआधी पुलावरून भरलेले ट्रक नेऊन बघणं. देखरेख म्हणजे जत्रेच्या दिवशी पुलाखाली माणूस उभा करणं. दोन्ही लागतं. एकावर भागत नाही.

भाड्याचं लोखंड

मग आला क्लाउड. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये फाइल साठवायची सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये तासावर भाड्याने मिळणारे सर्व्हर लोकांसाठी खुले केले. लग्नात मांडव आणि खुर्च्या आणतो ना आपण, तसं. दोनशे पाहुणे असतील तर दोनशे खुर्च्या, काम झालं की परत. २००९ मध्ये याच कंपनीने ‘क्लाउडवॉच’ नावाची देखरेखीची सेवा आणली आणि गर्दी बघून सर्व्हर आपोआप वाढवायची सोयही.

आणि हो, ‘क्लाउड’ म्हटलं की वर आकाशात काहीतरी आहे असं वाटतं. आपल्याकडे तो ढग चक्क जमिनीवर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतातली डेटा सेंटर सुरू केली, त्यात पुणे आणि मुंबई होती. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत सुरू केलं, गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच. तुमच्या फोनमधली निम्मी ॲप्स कदाचित याच पट्ट्यातल्या एखाद्या गारेगार इमारतीतून चालत असतील.

सर्वांना वाटलं, प्रश्न सुटला! गर्दी वाढली की सर्व्हर वाढवा. पण भाड्याच्या खुर्चीचा पाय कधीही मोडू शकतो आणि ती आपली नसल्याने आधी कळतही नाही. हे सगळ्यात आधी ज्यांनी मनावर घेतलं, त्यात नेटफ्लिक्स होतं.

ऑगस्ट २००८. नेटफ्लिक्स तेव्हा मुख्यतः पोस्टाने डीव्हीडी पाठवायचं. त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. एकाच मोठ्या यंत्रावर सगळा डोलारा उभा होता. त्यांनी ठरवलं, क्लाउडवर जायचं. पूर्ण जायला जानेवारी २०१६ उजाडला.

मधे त्यांनी एक भन्नाट प्रकार केला. ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे गोंधळ घालणारं माकड. हे माकड चालू असलेल्या सर्व्हरपैकी कुठलाही एक, न सांगता, बंद पाडतं. खऱ्या, चालू सेवेत! आणि मुद्दाम कामाच्या वेळेत, सगळे इंजिनिअर जागेवर असताना. विचार साधा होता. यंत्र कधीतरी मोडणारच आहे. मग रविवारी पहाटे मोडण्यापेक्षा मंगळवारी दुपारी, आपल्या डोळ्यांदेखत मोडू दे.

एप्रिल २०११ मध्ये ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या केंद्रात मोठा बिघाड झाला. रेडिट, क्वोरा, फोरस्क्वेअर अशा साइट आडव्या झाल्या. नेटफ्लिक्स बऱ्यापैकी तग धरून राहिलं. माकडाने सराव करून घेतला होता.

सहा माणसं

आता ज्या गोष्टीसाठी मी हा भाग केला, ती.

१ ऑक्टोबर २०१३. अमेरिकेत ओबामा सरकारच्या आरोग्य विमा कायद्याखाली एक वेबसाइट सुरू झाली, हेल्थकेअर डॉट गव्ह. ३६ राज्यांतल्या लोकांनी इथे यायचं, योजना बघायच्या, विमा घ्यायचा. ज्यांना आजवर जुन्या आजारामुळे कुणी विमा देत नव्हतं, अशी माणसं यात होती. त्यांच्यासाठी ही वेबसाइट म्हणजे दवाखान्याचं दार होतं.

पहिल्या दिवशी लाखो लोक आले. विमा घेऊन किती जण बाहेर पडले? नंतर संसदेच्या समितीने बाहेर काढलेल्या नोंदींनुसार, सहा. सहा लाख नाही. सहा माणसं.

चूक कुठे झाली? सगळं सांगत बसलो तर तीन भाग होतील, पण आपल्या विषयापुरत्या तीन गोष्टी घ्या.

एक, चाचणी. वेगवेगळ्या कंत्राटदारांनी वेगवेगळे तुकडे बनवले होते. प्रत्येकाने आपापला तुकडा तपासला. पण सगळे तुकडे जोडून, एका माणसाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊन बघायची चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत झाली. हे कंत्राटदारांनीच २४ ऑक्टोबरला संसदेच्या समितीसमोर सांगितलं. सुरू व्हायच्या काही दिवस आधी, एकाच वेळी काहीशे बनावट माणसं सोडून पाहिलं तर वेबसाइट गुदमरली, असंही वॉशिंग्टन पोस्टने छापलं. काहीशे! आणि तरी तारीख पुढे ढकलली गेली नाही, कारण तारीख राजकारणाने ठरवलेली होती.

दोन, दार एकच आणि अरुंद. नुसत्या योजना बघायच्या असतील तरी आधी खातं उघडायला लागायचं. दुकानात शिरायच्या आधी प्रत्येकाचं आधार कार्ड तपासा म्हटल्यावर रस्त्यापर्यंत रांग लागेल, तसं झालं. सगळी गर्दी त्या एका लॉगिनपाशी अडली.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. कुणी बघतच नव्हतं. मदतीला बाहेरून माणसं बोलावली गेली. त्यात मायकी डिकरसन होता, गूगलमध्ये साइट रिलायबिलिटी इंजिनिअर म्हणून काम केलेला. हे खातं बेन ट्रेनर याने गूगलमध्ये २००३ च्या सुमाराला उभं केलं होतं, सेवा चालू ठेवणं हेच ज्यांचं काम. ही मंडळी आली तेव्हा त्यांना दिसलं, की या अवाढव्य वेबसाइटला डॅशबोर्डच नाही. आत्ता किती लोक आत आहेत, पान उघडायला किती वेळ लागतोय, कुठे अडतंय, हे एका जागी दाखवणारा पडदाच नव्हता. शेतात पाणी सोडलंय आणि कुठला पाट फुटलाय ते बघायला बांधावर कुणी नाही!

मग त्यांनी काय केलं? नवी वेबसाइट लिहिली नाही. आधी मीटर बसवलं. न्यू रेलिक नावाचं सॉफ्टवेअर जोडलं, जे प्रत्येक विनंती कुठून कुठे जाते आणि कुठे किती वेळ खाते ते दाखवतं. आणि एक खोली घेतली. तिथे सगळे कंत्राटदार दिवसातून दोनदा उभ्या उभ्या बैठकीला. डिकरसनचा पहिला नियम असा होता, की ही खोली दुरुस्तीसाठी आहे. दोष कुणाचा यावर बोलायचं असेल तर त्यासाठी दुसऱ्या भरपूर जागा आहेत. बोलायचं त्याने, ज्याला त्या विषयातलं सगळ्यात जास्त कळतं, हुद्दा मोठा आहे त्याने नाही.

मीटर लागलं आणि चोर सापडायला लागले. पुन्हा पुन्हा लागणारी माहिती दर वेळी डेटाबेसच्या तळातून काढली जात होती. ती वरच्या फळीवर ठेवली, म्हणजे कॅश केली, की पान उघडायचा वेळ झपकन खाली आला. रोज एक एक गाठ सोडवत गेले.

१ डिसेंबरला सरकारने आकडे दिले. पान उघडायचा वेळ सरासरी ८ सेकंदांवरून १ सेकंदाच्या आत. चुकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली. एका वेळी ५० हजार लोक, दिवसाला ८ लाख भेटी झेपतील एवढी ताकद. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेबसाइट निम्म्याहून कमी वेळ चालू असायची, ती ९५ टक्के वेळ चालू राहायला लागली. एप्रिल २०१४ पर्यंत देशभरात, राज्यांच्या वेबसाइट धरून, ८० लाखांवर लोकांनी विमा घेतला. पुढे लॉगिनचा तो अडलेला तुकडा नव्याने लिहून क्लाउडवर नेला गेला.

दोन महिन्यांत! तेच सरकार, तोच कायदा, बरेचसे इंजिनिअरही तेच. फरक इतकाच पडला, की आता आकडे सगळ्यांना दिसत होते आणि त्यांच्यापासून पळता येत नव्हतं.

हिरवा दिवा

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. शिक्षण संपल्यावर मी दोन वर्षं पुण्यात एका कंपनीत रात्रपाळी केली, मॉनिटरिंगच्या स्क्रीनसमोर. समोर भिंतीएवढा पडदा, त्यावर हिरवे दिवे. लाल झाला की फोन फिरवायचा.

एका रात्री सगळे दिवे हिरवे होते. मी चहा पीत होतो. पहाटे ग्राहक सेवेच्या मुलीचा फोन आला, “अरे, तीन तासांपासून लोकांचे पैसे कापले जातायत आणि ऑर्डर होत नाहीये!” मी म्हटलं, “शक्यच नाही, इथे सगळं हिरवं आहे.”

आमचं मॉनिटर फक्त पहिलं पान उघडतंय का ते तपासत होतं. पहिलं पान मस्त उघडत होतं. पैसे भरायच्या पानाकडे कुणी बघतच नव्हतं. दुकानाची पाटी लखलखत होती आणि आत गल्ल्यावर बोंब. मी ज्याला ‘शक्यच नाही’ म्हणालो, ते तीन तास खऱ्या माणसांवर बेतलं होतं. त्यात कुणाची औषधं असतील, कुणाचा गॅस असेल. मला अजून ते आठवलं की लाज वाटते.

अशीच फसवणूक सरासरी करते. समजा १०० लोक आले. ९९ जणांना पान ०.२ सेकंदात मिळालं. एकाला ३० सेकंद लागली. सरासरी काढा, अर्धा सेकंद! साहेब खूश. पण तो एक माणूस? तो कधीच निघून गेला. म्हणून २००७ मध्ये ॲमेझॉनच्या इंजिनिअरांनी डायनॅमो या त्यांच्या डेटाबेसवर निबंध लिहिला, त्यात स्पष्ट म्हटलं की आम्ही सरासरी मोजत नाही. हजारातल्या ९९९ जणांना किती वेळात उत्तर मिळालं ते मोजतो. कारण ज्याची खरेदी जास्त, ज्याचा इतिहास मोठा, त्याचंच पान सगळ्यात जड असतं. रांगेत सगळ्यात मागे उभा असलेला माणूस मोजायचा, ही शिकवण आहे ती.

धोनी आउट झाला तेव्हा

आता आपल्याकडे येऊ. १० जुलै २०१९. वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत विरुद्ध न्यूझीलंड, मँचेस्टर. पावसामुळे मॅच दुसऱ्या दिवसावर गेलेली. धोनी आणि जडेजा खेळतायत. तुम्ही कुठे होतात ते तुम्हाला आठवत असेलच. मी हॉस्टेलच्या जिन्यात, सहा जण एका फोनवर.

त्या वेळी हॉटस्टारवर एकाच क्षणी २.५३ कोटी लोक मॅच बघत होते. तेव्हाचा जागतिक विक्रम. मग गप्टिलचा थ्रो, धोनी रनआउट, आणि सगळा देश एकदम गप्प.

पण हॉटस्टारच्या इंजिनिअरांसाठी धोका अजून संपला नव्हता. कसा ते बघा. मॅच बघणाऱ्या माणसाला फक्त व्हिडिओ जात असतो. तो वेगळ्या यंत्रणेतून, आपल्या जवळच्या शहरातून येतो. धोनी आउट झाल्यावर लोकांनी काय केलं? बॅक बटण दाबलं. बॅक दाबलं की ॲपचं होमपेज येतं, आणि होमपेजला तुमचं नाव, तुम्ही अर्धवट सोडलेल्या मालिका, तुमच्या आवडीचे सिनेमे, सगळं सर्व्हरकडून मागावं लागतं. म्हणजे लोक निघून जाताना वेबसाइटवरचा भार वाढतो! कोट्यवधी लोक काही मिनिटांत गेले. दाराबाहेर जातानाची चेंगराचेंगरी ती.

हे झेपलं, कारण त्यांनी आधी सराव केला होता. त्यांच्या इंजिनिअरांनी पुढे जाहीरपणे सांगितलंय, की खोटी गर्दी तयार करण्यासाठी त्यांनी ‘हल्क’ नावाचा प्रकल्प केला होता. फक्त खोटी माणसं बनवायला क्लाउडवर ३ हजारांहून जास्त मोठी यंत्रं भाड्याने घेतली, एक लाखाहून जास्त प्रोसेसर. आणि ही गर्दी इतकी दांडगी, की एका ठिकाणाहून सोडली तर क्लाउडच्या इतर भाडेकरूंनाच त्रास व्हायचा. म्हणून जगातल्या आठ ठिकाणांहून वाटून सोडायला लागली.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली, मला फार आवडली. क्लाउडची ‘आपोआप वाढ’ त्यांनी मॅचसाठी वापरली नाही. कारण टॉस झाला, विकेट पडली की मिनिटाला दहा लाख लोक येतात, आणि नवं यंत्र उभं राहायलाच मिनिटभराहून जास्त लागतं. पाहुणे ताटावर बसल्यावर पीठ मळायला घेऊन कसं चालेल? त्यांनी स्वतःच्या पायऱ्या ठरवल्या. इतके लोक आले की इतकी यंत्रं, आणि कायम थोडी जास्तीची तयार. आणि अगदीच गळ्याशी आलं तर शिफारशी बंद, सजावट बंद, फक्त मॅच चालू. घराला आग लागली की सोफा नाही, लेकरू उचलायचं.

चार वर्षांनी, १५ नोव्हेंबर २०२३, पुन्हा सेमीफायनल, पुन्हा न्यूझीलंड. या वेळी आपल्या वानखेडेवर. कोहलीचं पन्नासावं एकदिवसीय शतक, शमीच्या सात विकेट. एकाच वेळी ५.३ कोटी लोक. चार दिवसांनी फायनलला ५.९ कोटी. वानखेडेवर तीसेक हजार माणसं मावतात. तेवढी दीड-दोन हजार स्टेडियम तुमच्या-माझ्या खिशात भरली होती म्हणा.

वेग आला, पुढे काय?

आता थोडं थांबून विचार करू. मॅच अडकली तर आपण चिडतो, पण नुकसान काय होतं? एक ओव्हर चुकते. आणि फॉर्म अडकला तर?

२८ एप्रिल २०२१, दुपारी चार. कोविनवर १८ वर्षांवरच्यांची नोंदणी सुरू झाली. दुसरी लाट, ऑक्सिजन मिळत नाही, घरोघरी भीती. पहिल्याच दिवशी १.३ कोटींच्या आसपास लोकांनी नोंदणी केली. सुरुवातीला ओटीपी अडकले, पान हललं नाही, मग सुरळीत झालं. आकडा म्हणून बघितलं तर मोठंच काम. पण नोंदणी झाली म्हणजे लस मिळाली असं नव्हतं. लशीच कमी होत्या, स्लॉट दिसायचे आणि डोळ्यांदेखत गायब व्हायचे. ज्याच्याकडे चांगला फोन, चांगलं नेट आणि चपळ बोटं, तो पुढे. माझ्या आत्याकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्यासाठी वेबसाइट पडली काय, चालली काय, सारखंच.

हे मी का सांगतोय? कारण मीटर जे मोजतं तेवढंच दिसतं. जो दारापर्यंत पोचलाच नाही, तो कुठल्याच डॅशबोर्डवर येत नाही. चाचणी करताना खोटी माणसं बनवायची असतील तर त्यातली काही माझ्या आत्यासारखी बनवा. जुना फोन, कमी नेट, मराठीतून वाचणारी, दोनदा चुकणारी. हत्यारं आहेत त्याला. नेटवर्क मुद्दाम हळू करून चाचणी घेता येते. फक्त ते कुणाच्या तरी मनात यायला हवं.

आता ताईचा फॉर्म. त्या रात्री आम्ही शेवटच्या एसटीने घरी आलो. चौथ्या दिवशी कळलं, की तक्रारी आल्या म्हणून तारीख दोन दिवसांनी वाढवली होती. ती वाढीव तारीखही तेव्हा उलटून गेली होती. आमच्याकडे घरी इंटरनेट नव्हतं, आणि तारीख वाढल्याची सूचना कुठे होती? त्याच वेबसाइटवर! ताईची त्या वर्षीची फी बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून भरली. ते फिटायला तीन वर्षं गेली. ताई आज शिक्षिका आहे, चांगलं चाललंय तिचं. ती या गोष्टीवर हसते. मी अजून हसू शकत नाही.

रात्रपाळी करताना मला कळलं, की आम्ही त्या दिवशी रिफ्रेश मारून मारून गर्दीत भरच घालत होतो. पलीकडच्या सर्व्हरला चार वेळा मारलेला एक माणूस चार माणसांसारखा दिसतो. चांगलं ॲप स्वतःच हे सांभाळतं. एकदा अडलं तर एक सेकंद थांबतं, मग दोन, मग चार, मग आठ, म्हणजे सगळे एकदम दारावर धडकत नाहीत. तुमच्या हातात एक साधी गोष्ट आहे. फॉर्म अडला तर लगेच रिफ्रेश मारू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असा. मग थोडं थांबा. आणि मग तक्रार करा, लेखी. तारीख दोन दिवस वाढली ती कुणाच्या तरी तक्रारीमुळेच वाढली होती. मीटर नसलेल्या वेबसाइटचं मीटर तुम्ही आहात.

आणि ऐकणाऱ्यांपैकी जे इंजिनिअरिंग करतायत, उद्या वेबसाइट बनवणार आहेत, त्यांना एकच सांगणं. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे हवामान नाही. अर्लांगला शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रांग मोजता येत होती, हातात कागद-पेन्सिल असताना. आपल्याकडे तर तासावर भाड्याने मिळणारे एक लाख प्रोसेसर आहेत.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या बाबतीत तो गोल सगळ्यात जास्त वेळ कधी फिरला होता, आणि त्याने काय अडलं, ते आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. निवडक गोष्टी पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या. भेटूच!